तीन नग

दर मार्चात पणजीहून एक पत्र येतं,
विजेच्या बिलाइतकं पातळ.
साठवण चालू ठेवावी.
संशोधनासाठी द्यावे.
नष्ट होऊ द्यावे.
पुढे तीन चौकोन, एकात खूण करायची.
दयेश ते फ्रीजच्या दारावर चिकटवतो,
मग त्याचं त्यालाच हसू येतं, की फ्रीजवर,
मग येत नाही.

उणे एकशे शहाण्णव अंश.
इस्मेनियाबाईंनी एकदा टाकी उघडून दाखवली होती.
आधी छातीवर क्रूस काढला, मग हातमोजे चढवले.
पांढरी वाफ काठावरून उतरली
आणि आमच्या चपलांशी येऊन बसली.
"तांकां थंड लागना गो," म्हणाल्या.
मी विचारलं नव्हतं.

एकूण चार होते, एका बशीतले, एका दिवसाचे.
त्यातला एक बाईंनी उचलला, जरा गोल दिसतो म्हणून.
त्या गोलाचे आता पुढचे दोन दात पडलेत,
आगराच्या बांधावरून अनवाणी पळतो
आणि माझे बाबा दाताळं टेकून ओरडतात,
काय नग आहे ही पोर!

आणि हेही सांगायला हवं,
कारण सही करणारा हात तोच आहे.
तेवीस वर्षांची होते. म्हापसा, शुक्रवार, बाजाराची गर्दी.
डॉक्टरीणबाईंना म्हटलं, सहाच आठवडे,
म्हणजे अजून काही नाहीच ना.
त्यांनी उत्तर दिलं नाही. विचारलं, तुझं ठरलंय?
ठरलं होतं.
दोन दिवसांनी कळा आल्या, थांबल्या.
मी रडू यायची वाट पाहत बसले
तर भूक आली.
बांगड्याचं हुमण, उकडा भात, दोनदा वाढून घेतला.
त्याची लाज तेव्हा नव्हती. आजही नाही.

मग ह्यांचा फोटो मी पासपोर्टच्या पाकिटात का ठेवते?
राखाडी, पाच दिवसांचा, साबुदाण्याचा दाणा भिजावा तसा.
सहा आठवडे म्हणजे काही नाही,
पाच दिवस म्हणजे काहीतरी:
हे गणित कुणी तपासलं तर मी नापास.
पण दोन्ही वाक्यं माझीच, दोन्ही खरी,
एका घरात राहतात आणि एकमेकींशी बोलत नाहीत,
भाटावरून भांडलेल्या जावांसारख्या.

सासूबाई म्हणतात, देवीला कौल लाव,
उजवी पाकळी पडली तर ठेव.
मी म्हटलं, आणि डावी पडली तर
देवी येणार का सही करायला?
त्या गप्प झाल्या. मग मीही.

परवा रात्री आगरात गेले.
खाडीचं पाणी आटत आलेलं, वर साय धरल्यासारखं काही.
बाबांना विचारलं, हे पाणी की मीठ?
ते बिडी विझवून वाकले, बोट लावलं नाही.
"काल पाणी म्हणालो. उद्या मीठ म्हणेन."
"आणि आज?"
"आज काय म्हणायचं ते मला येत नाही.
आज त्याच्यावर पाय देऊ नको, एवढंच."
मग थोड्या वेळानं, बांधावरून परतताना:
"सगळंच काही धरत नाही पण.
काही घडी मी स्वतः फोडून देतो खाडीत.
दरवेळी कारण असतं.
कारण असलं तरी रात्री त्या बाजूनं जात नाही मी."
त्यांना पत्राचं माहीत नाही.
निदान मी तरी सांगितलेलं नाही.

आज पणजीला जाऊन पैसे भरले. पहिला चौकोन.
दहा वर्षांपुढे कायदाच ठेवू देत नाही,
म्हणजे आणखी दोनदा मला असं ढकलता येईल.
खिडकीतल्या मुलानं पावती दिली,
शिक्का अजून ओला:
साठवण शुल्क, एक वर्ष, ३ नग.
मोजायला दुसरा शब्द सुचला नसणार बिचाऱ्याला.
मलाही सुचला नाही.
मांडवीच्या पुलावर बस थांबून राहिली
आणि मी ती पावती
शाई सुकेपर्यंत
फुंकत बसले.