घटक तिसरा, तासिका आठ

अभ्यास मंडळाचा नवा तक्ता आलाय.
पहिला रकाना घटकाचा, दुसरा तासिकांचा,
तिसरा : अध्ययन निष्पत्ती.
तिसऱ्यात मी सोळा वर्षं तेच लिहिते,
'विद्यार्थ्यांना संकल्पना समजेल.'
किती जणांना, कशावरून,
हे संख्याशास्त्राच्या बाईनं तरी विचारायला हवं होतं.

यंदा तेवढं वाक्य खोडलं
आणि पेन तसंच धरून बसले.
आवटी सर डोकावले. म्हणाले,
लिहा हो काहीतरी, शुक्रवारी विद्यापीठात द्यायचंय.

तासगावात बेदाणा मागायला लाजावं लागत नाही.
सन्मती चौगुलेच्या चुलत्यांनी शेडवरून
नऊ खोकी पाठवली, टेम्पोचं भाडंही न घेता.
चौघांत एक खोकं.
फळ्यावर एकच ओळ लिहिली :
सगळे न मोजता सांगा, यात काळे किती?
आणि खडू खाली ठेवला.

खडू खाली ठेवणं
कुठल्याच प्रशिक्षणात शिकवत नाहीत.
हात मोकळे राहतात, उगाच पदराशी जातात.
चार मिनिटं कुणी बोललं नाही.
पंखा तेवढा बोलत होता.
सूत्र माझ्या ओठांवर आलेलं,
ते बेदाण्यासारखं गालात धरून ठेवलं.

मग पहिल्या बाकावरच्या समरजीतनं
एक मूठ उचलली.
मोजलं : शंभरात दोन.
शेजारच्या गटात दोन, पलीकडे तीन.
वहीत लिहूनही झालं, खाली रेघ मारून.

शेवटच्या बाकावरून मेहजबीन मुजावर उठली.
दीड वर्षात तिचा आवाज
मी फक्त हजेरीला ऐकलेला.
'मॅडम, वरचे नका घेऊ.
माझी अम्मी शेडवर निवडायला जाते.
वरचा थर दाखवायचा असतो.
हात आत घाला. तळाला, कोपऱ्याला.'
बाही सारून तिनं स्वतःच घातला.
शंभरात अकरा.

गलका.
पुन्हा घे. दुसऱ्या खोक्यातनं घे.
ए, डोळे मिटून घे!
डोळे मिटून घे म्हणणाऱ्याला ठाऊक नव्हतं
की ही माझी तिसऱ्या तासिकेची व्याख्या,
नऊ ओळींची,
जी मी दरवर्षी सांगते
आणि ते दरवर्षी उतरवून घेतात.

मी मात्र वर्गाकडे बघत होते.
सोळा वर्षं 'समजलं का?' विचारत आले
आणि पहिल्या दोन बाकांवरून कुणीतरी
'हो मॅडम' म्हणत आलं.
वरचा थर.

तास संपला तेव्हा एकही सूत्र झालेलं नव्हतं,
निम्मा नमुना खाल्ला गेलेला.
याला गळती म्हणायचं की चोरी,
यावर जिन्यात वाद चालला होता.
एकानं गाठून विचारलंच :
'मॅडम, हे परीक्षेला आहे का?'
म्हटलं, बघू.
खरंच बघायचंय. अजून ठरलेलं नाही.

रात्री तक्ता पुढे ओढला.
आठ तासिका खोडून बारा केल्या.
पाचवा घटक पातळ केला, आवटी सर ओरडतील.
निष्पत्तीच्या रकान्यात लिहिलं :
'विद्यार्थी हात आत घालतील.'
वाचून पाहिलं. समिती हसेल.
पुसावं म्हणून बोट नेलं,
तर ते कागदाला चिकटलं.