शेंगा विकणाऱ्याचं घड्याळ

एकतीस उन्हाळे झाले,
केओकुकच्या या मैदानात गळ्यात ट्रे अडकवून
मी शेंगा विकतो. भाजलेल्या, खारवलेल्या, टरफलासकट.
उजव्या कुंपणापलीकडून मिसिसिपी जाते,
तिला अजून कुणी घड्याळ लावलेलं नाही.

पूर्वी सामना मोजायचो पिशव्यांत.
तिसऱ्या डावापर्यंत चाळीस, सातव्यापर्यंत शंभर,
आणि बरोबरी झाली तर देवच पावला,
मध्यरात्रीपर्यंत लोक शेंगा फोडत बसायचे.
आता कुंपणावर लाल आकडे :
पंधरा, चौदा, तेरा.
मी सुटे पैसे मोजून देईपर्यंत दोन चेंडू पडतात
आणि मागून कुणीतरी खेकसतं,
वॉर्डेल, बाजूला सरक, दिसत नाही!

खोटं कशाला बोलू,
जुने सामने कधी कधी जीव घ्यायचे.
हातमोज्याची पट्टी सोडायची, बांधायची, पुन्हा सोडायची,
थुंकायचं, आभाळाकडे बघायचं, पुन्हा पट्टी.
आता पोरं पळतात. बेसची उशी तीन इंचांनी रुंद झाली
आणि तेवढ्यात चोरीला पाय फुटले.
तिकिटं जास्त खपतात. शेंगा कमी.
दोन्ही खरं आहे,
आणि दोन्ही मला एकाच खिशात ठेवायचं आहे.

तिसऱ्या बेसच्या अंगाला, चौदाव्या रांगेत
लोरेटा व्हँडरस्लूट बसते.
पेन्सिल, खोडरबर, हिरव्या पुठ्ठ्याची वही.
क्लेमनं तिला मागणी घातली ती इथेच,
एका डावखुऱ्यानं पहिल्या बेसकडे
अकरा वेळा चेंडू फेकला त्या रात्री.
धावणारा परत, चेंडू परत, धावणारा परत.
चौथ्या फेकीला क्लेमनं तोंड उघडलं,
अकराव्या फेकीला वाक्य संपलं.
फलंदाजाला चेंडू मिळाला तेव्हा लग्न ठरलेलं होतं.
"आता दोनदाच फेकता येतो," ती म्हणते,
"तो तोतरा होता रे. दोनात नसतं जमलं त्याला."

आज मातीच्या उंचवट्यावर येफरसन आहे,
वीस वर्षांचा, सान पेद्रोचा.
लोरेटाचा नातू ऑगी रेलिंगला लटकून ओरडतो,
तीन! दोन! एक!
घड्याळात खरे सात असतात.
पहिल्यांदा येफरसन फसला, घाईत फेकला.
दुसऱ्यांदा हसला, थांबला,
जरा जास्तच थांबला.
पंचांनी मनगटावर बोट आपटलं :
न टाकलेला चेंडू, मोजला गेला.
लोरेटाची पेन्सिल चौकोनावर अडते.
न घडलेलं कसं लिहितात?

दहाव्या डावात तर दुसऱ्या बेसवर
एक पोरगा आयताच आणून उभा करतात.
ना फटका, ना चोरी,
कुणी हातउसना दिल्यासारखा.
त्याच्यासाठी ती एक रिकामं कडं काढते
आणि आत काही भरत नाही.
तोच धावून येतो. तोच जिंकून देतो.
सगळे उभे राहतात, मीसुद्धा.

नऊ वाजायला आलेत, नदीवर अजून उजेड.
ऑगी जागा आहे. त्याची आई या वयात
पाचव्या डावातच क्लेमच्या मांडीवर झोपायची,
तिनं इथला एकही शेवट पाहिला नाही.
यानं पाहिला, आणि आता विचारतो,
"एवढ्यात घरी? मग आता काय करायचं?"

मी एकोणीस पिशव्या परत मोजतो.
वेळ वाचला म्हणतात, वाचला असेल.
सवड कुठे गेली ते कुणी सांगत नाही.
झाडूवाला ड्वेन खालून वर येतो,
लोरेटा उठत नाही,
मी तिच्या शेजारी बसून एक पिशवी फोडतो.
लाल आकडे बंद करायला कुणीतरी विसरलंय :
पंधरावर थांबलेत.
ऑगी त्यांच्याकडे बघून बघून
शेवटी शेंग कशी सोलायची ते विचारतो.