उकळलेल्या तारा

मर्डीना बीटनने गिटार काउंटरवर ठेवली
झोपलेलं मूल ठेवावं तशी,
मानेखाली हात धरून.
एकोणीसशे छत्तीसची. तबली स्प्रूसची, पाठ बर्चची,
तीन चिरा, त्यातली एक कुणीतरी
बोटीच्या डांबराने बुजवलेली.
"आवाज गेलाय हिचा."
"बसलाय म्हणा," मी म्हणालो.
"गेलेला परत येत नाही."

बाहेर केप ब्रेटनचा मार्च, बंदरात अजून बर्फाच्या लाद्या.
आत एक स्टोव्ह आणि मी, लॉक्लन गिलिस,
पस्तीस वर्षं लोकांच्या वाद्यांच्या पोटात
दाताच्या डॉक्टरचा आरसा घालून बघणारा.
बघितलं.
आडव्या पट्ट्या, दोन सुटलेल्या.
घोडीमागे तबलीला पोट आलेलं.
मानेत लोखंडी सळई नाही.
अशा हाडांवर जाड तारा ताणणं म्हणजे
गुडघे गेलेल्या माणसाच्या खांद्यावर
भरलेली कावड.
तेराच्या खोक्याला मी हातही लावला नाही.

पट्ट्या चिकटवल्या. चार दिवस शिकंजात ठेवली.
शनिवारी ती पुन्हा आली, स्वतःचा डबा घेऊन,
म्हणजे बसायच्या तयारीनेच.

आधी फॉस्फर ब्रॉन्झ, बाराची.
सगळे सूर एकदम पुढे आले,
नव्या कवळीने हसल्यासारखे.
तिने मान हलवली.
मग रेशीम गुंडाळलेली मऊ जात.
गिटार कुजबुजू लागली,
आजाऱ्याच्या खोलीबाहेर बोलतात तशी.
मग साधी ब्रॉन्झ. बरी होती,
पण खर्जाची तार
शेजारच्या घराचं दार ठोठावत होती.

"ड्यूगलची अशी वाजायची नाही."
"मग कशी?"
या प्रश्नाला लोक ठरलेलं काहीतरी सांगतात:
उबदार, गोल, लाकडी.
ती म्हणाली, "ओल्या सरपणासारखी.
पेटायची, पण आधी कुरकुरायची."

"तारा कुठल्या लावायचा?"
"कुठल्या म्हणजे?
होत्या त्या.
संपाच्या हिवाळ्यात तारा कोण विकत घेणार?
मेल्या की सोडवायचा,
बटाट्यांच्या पातेल्यात उकळायचा,
स्टोव्हच्या दांडीवर सुकवायचा,
रात्री नाचाला फिडलमागे पुन्हा त्याच.
तुटली तर गाठ मारून वर सरकवायची.
एक संच चार वर्षं पुरला.
त्या दिवशी बटाट्यांना
नाण्याची चव यायची."

मी हातातलं खोकं खाली ठेवलं.
सकाळपासून मी वेष्टनांवरची नावं वाचत होतो,
आणि ही ऐकत होती
पातेल्यावर थडथडणारं झाकण.

अगदी खालच्या फळीवर एक संच होता,
निकेलच्या जातीचा, करडा, अकराचा.
कोणी मागत नाही; चमकत नाही म्हणून.
तो चढवला.
अर्धा सूर उतरवला,
तशी घोडी जरा सैल झाली,
घट्ट बूट काढल्यावर माणूस होतो तशी.
ए-चे चार ठोके दिले.
पाचव्याला लाकूड खोकलं
आणि बोलू लागलं.

मर्डीना गिटारकडे बघत नव्हती.
डबा मांडीवर,
नजर खिडकीबाहेरच्या बर्फावर,
आणि टेबलाखाली तिची टाच
माझ्या फरशीवर पडत होती,
दर वेळी ठोक्याच्या अगदी केसभर आधी.

"जवळ आलीय," ती म्हणाली.
"अजून फार स्वच्छ आहे."
"वाजवून पुसू नका," मी म्हणालो.
"आणि कोण वाजवणार?"
"मीच. आता शिकेन.
एकोणऐंशी काही फार नाही."

तारांचे पैसे घेतले. पट्ट्यांचे घेतले नाहीत.
तिने डब्यातले दोन बिस्किटांचे तुकडे
काउंटरवर ठेवले, हिशोब मिटल्यासारखे.

जूनमध्ये फोन आला.
लांबून, वाऱ्यातून, ओरडत:
"लॉकी, किती मिनिटं उकळायच्या?"

अजून नव्याच आहेत, गरज नाही,
हे अगदी ओठांवर आलं होतं.
"बटाटे शिजेपर्यंत," मी सांगितलं.