अर्धा चिरा

अनमोड घाटात ट्रकवाले अजून बाजू देतात आम्हाला.
निळ्या रंगाचे दोन हात देऊनही
बॉनेटवरची उलटी अक्षरं तिरप्या उन्हात वर येतात
आणि पुढच्याच्या आरशात सुलट होतात : रुग्णवाहिका.
प्रल्हाद म्हणतो, फुकटचा मान आहे, घे.
मी घेते.
हॉर्न मात्र वाजवत नाही.

रिवणच्या पुढे डांबर संपलं.
मग तांबडी माती, मग नुसत्या दोन चाकोऱ्या,
मधलं गवत गाडीच्या पोटाला घासत आलं,
मग बांबूचं फाटक
आणि फाटकात उमावती वेळीप,
हातात टोकाला खिळा ठोकलेली काठी,
पायाशी डबाभर बोंडं, त्यांचा तो आंबूस, डोक्यात जाणारा वास.
तिनं गाडी पाहिली, अक्षरं पाहिली,
खिडकीतून आत वाकून विचारलं,
"कोणाक बरें ना?"

कोणालाच काही नाही, आम्ही दोघंही म्हणालो.
जरा घाईनंच म्हणालो.

जागा म्हणजे काजूच्या बागेतला उतार,
चार खुंट्या नि एक खांब.
खांबावर रंगाचा रिकामा डबा पालथा,
त्याच्या पोटात विजेचं सॉकेट आणि एक पाल.
पाणी वरच्या झरीचं, काळ्या नळीतून येणारं,
नळीला तोटी नाही, नारळाच्या सोडणाचं बूच.
भांडी घासाल ते पाणी केळींना सोडायचं,
बाकी नियम नाहीत.

"फाटीं, फाटीं. ल्हव."
प्रल्हाद दुसऱ्या बाजूनं वेगळाच हात हलवतोय.
दोन आरशांत दोन माणसं.
मी तिचं ऐकते.
"पुरो!"
तो यावर काही बोलत नाही,
म्हणजे जेवताना बोलेल.

डावं मागचं चाक खाली होतं.
त्यानं मोबाइल काढला, पातळी दाखवणारं काहीतरी त्यात आहे,
पण रेंज नव्हती, किंवा चष्मा नव्हता.
उमावती गेली आणि गळ्यापर्यंत भरलेली हुर्राकाची बाटली घेऊन आली,
ओट्यावर आडवी ठेवली.
बुडबुडा सुसाट दाराकडे पळाला.
"पळे," ती म्हणाली.
मग चाकाखाली अर्धा चिरा,
मी एक हात पुढे, एक हात मागे,
पुन्हा बाटली.
बुडबुडा आता मध्याच्या अलीकडे, थोडा थरथरत.
तीस वर्षं प्रयोगशाळेत ब्युरेट वाचलेत मी,
एवढ्यावर सही केली नसती.
"न्हिदपाक पुरो," तिनं निकाल दिला.

ताडपत्री बांधली. दोरी काजूच्या खोडाला,
आणि गाठ बसायच्या आत तांबडे हुमले दोरीवरून निघालेसुद्धा.
आत कपाट उघडलं तर तूरडाळ अंगावर आली, अख्खा डबा.
निवडायला बसलो दोघं, त्याच फटीवर
जिथं स्ट्रेचरचं चाक अडकायचं.
सलाइनच्या हुकाला लसणीची जुडी,
ऑक्सिजनच्या कोनाड्यात गॅस.
कंदील लावायला मात्र कुठंच काही सापडेना,
तो शेवटी पायरीवर ठेवला.

बाटली तिनं परत नेली नाही.
लिंबू, मीठ, उभी चिरलेली मिरची.
पातळी एक बोट उतरली, मग दोन.

रात्री छतावर धप्प.
दोघं एकदमच उठून बसलो.
काही नाही, बोंड.
अंधारात बराच वेळानं प्रल्हाद म्हणाला,
"इथंच आडवं होऊन किती जण गेले असतील गं?"
"झोप," मी म्हटलं, "चिरा हलेल."
तो हळूच कुशीवर वळला, श्वास धरून,
जणू खरंच हलेल.

धप्प. आणखी एक.
सकाळी शिडी मागून आणायला हवी,
छतावरची बोंडं तिची आहेत.