आयुर्मानाचा रकाना

ह्वासंगमध्ये रात्रीचे अकरा.
कारखान्याच्या काचेमागे पांढऱ्या झग्यांतली माणसं अजून फिरताहेत,
आणि समोरच्या इमारतीत, सातव्या मजल्यावर,
नामगुंग हे-वॉन
कर्नेलमधल्या एका रकान्याशी भांडते आहे.

रकाना एवढासा. सहाच पर्याय मावतात.
लिहिणाऱ्याने लिहितानाच सांगायचं,
हे मी आत्ता ठेवतोय ते किती जगेल:
अल्प, मध्यम, दीर्घ, अतिदीर्घ.
पाचवा: मला काही म्हणायचं नाही.
सहावा: मला कुणी विचारलंच नाही.

हे शेवटचे दोन वेगळे कशाला,
दुपारी नव्या पोराने विचारलं.
लग्न केलं नाही आणि लग्न झालं नाही,
ती म्हणाली, यात फरक असतो.
तो हसला.
ती स्क्रीनकडे वळली.

ड्राइव्ह म्हणजे पाटी नव्हे,
की बोटाला थुंकी लावली आणि गेलं अक्षर.
पुसायचा तर अख्खा ब्लॉक.
त्यात शेकडो मेलेल्यांत चार जिवंत निघाले
तर त्या चौघांना आधी उचलायचं,
दुसरीकडे लिहायचं,
आणि दर लिहिण्यागणिक चिप थोडी झिजते.
तिथेही शेजारी मरतात. पुन्हा बिऱ्हाड पाठीवर.
म्हणून, जे एकदम मरणार
त्यांना एकत्र ठेवा.
एवढंच शास्त्र.

आई फोनवर म्हणाली होती, हात्तिच्या, हे तर किमचीचं!
नव्या वर्षाआधी संपायची ती कमी मिठाची, दाराजवळच्या रांजणात.
वसंतातली त्यामागे.
उन्हाळ्यापर्यंत पुरवायची तिला मीठ मूठभर जास्त,
आणि रांजण सगळ्यांत खोल पुरलेला.
सगळं एकात कोंबलंस
तर धुवायला रांजण रिकामा व्हायचा कधी?

पण कोबी खोटं बोलत नाही, आई.
इथे एका फोटोच्या अ‍ॅपने
आपल्या फुटकळ चित्रांपुढे लिहिलं, अतिदीर्घ.
चार मिनिटांत स्वतःच पुसली.
ज्याला त्याला आपलं तेवढं अजरामर वाटतं.
कर्नेल काय करणार, नुसता निरोप्या.
ही सूचना आहे, हुकूम नाही.
ड्राइव्हने ऐकली तर ऐकली.
नाही ऐकली तरी एक अक्षर हरवत नाही,
फक्त झीज वाढते,
आणि झीज कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

आईचं नाव मालसुन.
माल म्हणजे शेवट.
चौथीही मुलगीच झाली तेव्हा आजोबांनी ठेवलेलं,
आपल्याकडे नकुशी ठेवत तसं.
वरच्याने सूचना वाचली असावी.
पाठोपाठ आणखी दोघी झाल्या.

गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात
सुवॉनच्या डॉक्टरने तिच्या कागदावर
तो पहिला पर्याय भरला.
शब्द दुसरे होते. अर्थ अल्प.
हे-वॉनने त्याप्रमाणे सगळं लावलं:
योंगवलचं घर भाड्याने दिलं,
कपडे दोन पेट्यांत,
रांजण शेजारच्या काकूंना.
जे जवळ ठेवायचं ते जवळ,
जे लवकर पुसायचं ते एकीकडे.

एकोणीस महिने झाले.
आई मुलीच्या दोन खोल्यांत बसून
रोज विचारते, माझा मोठा रांजण कुणाच्या अंगणात आहे?
काकू परत देत नाही.
काकूची किमची त्यात आहे.

अकरा चाळीस.
पॅचमध्ये एकच ओळ उरली आहे:
रकाना कोरा आला तर काय धरायचं?
सहकाऱ्यांचं मत, अल्प धरा,
बहुतेक गोष्टी लवकरच मरतात, आकडे आहेत.
आकडे खरेच आहेत. तिनेच काढलेत.

तरी ती टाइप करते,
न सांगितलेल्याला अल्प समजू नये.
त्याला स्वतंत्र जागा द्यावी.

कारण लिहा, असं खाली विचारलेलं असतं.
तिथे ती झीजेचे आकडे चिकटवते,
तीन ओळी,
आणि फोन उचलते.
मीठ कुठे ठेवलंयस म्हणून आईचा तिसरा कॉल.