एका नावाला एकच किंमत

शारजा, इंडस्ट्रियल एरिया. रात्रीचे सव्वाअकरा.
पाण्याच्या पंपांचा कॅटलॉग, एकशे अठ्ठ्याऐंशी पानं,
अरबी उजवीकडून, इंग्रजी डावीकडून.
कडेच्या पट्टीत घटकांचं झाड उघडून बसलेय.
एकेका फांदीवर क्लिक, अ‍ॅट्रिब्यूट जोडा,
वर नाव, खाली किंमत:
भाषा, अरबी. दिशा, उजवी.
फांदीखाली एक ठिपका उगवतो.
पानावर काहीच हलत नाही.

छापून येणारच नाही ते लिहायचं कशाला,
मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.
अरबी प्रुफं वाचणारा ओम्दुरमानचा इद्रिसभाई
चहा फुंकत म्हणाला, "मुकादमबाई,
माणूस ओळ वाचतो. मशीन आधी ओळख वाचतं."

मागच्या खेपेला एका वॉशरला दिशा द्यायची राहिली.
१२-४० चं झालं ४०-१२,
आणि फुजैऱ्यात कुणाची तरी गच्चीवरची टाकी
दोन दिवस कोरडी.
तेव्हापासून मोजून जोडते.

आज मोजता मोजता हात थांबला.
एक रिकामा घटक केला, त्याला माझं नाव दिलं, रुखसाना.
पेशा, टायपिस्ट, व्हिसावर आहे तोच.
कफील, कंपनी. मुदत, नोव्हेंबर.
ठिपके भराभर आले.
घर, खेड, जगबुडीच्या अलीकडे.
मग पुन्हा घर, शारजा
आणि सॉफ्टवेअर अडून बसलं.
एका घटकात एक नाव एकदाच.

मराठीत सोय आहे तशी,
दुसऱ्याला बिऱ्हाड म्हणावं.
अकरा वर्षं म्हणतेच आहे.
पण रात्री फोनवर अम्मीच विचारते, पोचलीस का घरी?
आणि मी चौघींच्या खोलीतून चपला काढत म्हणते, हो.

इद्रिसभाई खुर्ची ओढत आला, बघितलं, हसला नाही.
"अ‍ॅट्रिब्यूट कशाला, आत घटक कर.
घटक कितीही वेळा चालतो."
थोडं थांबून म्हणाला,
"पण मग त्याला पानावर जागा द्यावी लागते."
त्याचं ओम्दुरमान त्याने कुठे ठेवलंय
ते मी विचारलं नाही.

घटक पुसला नाही मी. फांदी मिटवली.
सकाळी फाईल छापखान्यात जाईल,
आत मी असेन, कुठल्याच पानाला न जोडलेली.

पान एकशे तेरा. गॅस्केट, रबरी, तीन इंची.
भाषा, अरबी.
दिशा,