कानांची खरेदी

महिन्याला आठ विमानं. रांची, राऊरकेला, कधी दुर्गापूर,
जिथे जिथे आमच्या कंपनीचे पंप रुसतात तिथे मी.
उतरल्यावरही दोन तास कानात गिरणी चालूच,
हॉटेलच्या उशीत, चहाच्या कपात, साहेबांच्या बोलण्यामागे
तीच एकसुरी घरघर.
म्हणून बोनस जमा झाला त्या शनिवारी तापकीर गल्ली.
बाबा म्हणाले, मीही येतो,
वस्तू हातात घेऊन बघावी लागते.

तौसीफने काउंटरवर तीन डबे मांडले
आणि मागच्या मिक्सरचं बटण फिरवलं. भांडं रिकामं, वेग तीन.
"हेच समजा तुमचं विमान, ताई."
पहिला हलका, पण चष्म्याच्या काडीपाशी फट,
फटीतून मिक्सर आत.
दुसऱ्यात शांतता बरी, फक्त कानांवर दडपण,
घाट चढताना येतं तसं, आवंढे गिळत बसायचं.
शिवाय दहा मिनिटांत पाळ्या तापल्या.
तिसरा लावला आणि तो मिक्सर
कुणीतरी उचलून शेजारच्या पेठेत नेऊन ठेवला.
पाती फिरताना दिसत होती, तेवढंच.
तौसीफचा आवाज मात्र येत होता, बारीक, न्हाऊन आल्यासारखा:
"इंजिन जाईल. मागच्या सीटवरचं बाळ जाणार नाही.
खोटं कशाला सांगू?"
किंमत त्याने कॅल्क्युलेटरवर दाखवली,
तोंडाने बोलला नाही.

मग बाबांनी मागितला.
बिजागरी उघडली, मिटली, नखाने चाचपली.
"पिन प्लास्टिकची आहे. इथं तुटणार."
टोपी काढून काउंटरवर ठेवली, कानांना लावला.
तौसीफने मिक्सर चालू केला, बंद केला, पुन्हा चालू.
"काका, पडला ना फरक?"
बाबा ओठ वाचतात. हसले.
"छान आहे. नेहमीसारखंच वाटतंय."

एकतीस वर्षं मुंढव्याच्या फोर्जिंगमध्ये, तीन टनी हॅमरसमोर.
कानात बोळे, मशीन पुसायच्या चिंध्यांचे.
इयरमफ आले तेव्हा रिटायरमेंटला दोन वर्षं उरली होती,
आणि तेही केबिनमध्ये खिळ्याला टांगलेले,
पाहुण्यांसाठी.
शांतता त्यांना हप्त्याहप्त्याने मिळत गेली.
आधी घड्याळाचा गजर,
मग आईची दुसऱ्या खोलीतली हाक,
मग त्याच खोलीतली.

यातलं मी दुकानात काही बोलले नाही.
तौसीफने बिलबुक उघडलं. "नाव?" यशोधरा खांदवे.
"राहायला?" लोहगाव.
"मग घरीपण घालून बसा," तो म्हणाला,
"तुमच्या छपरावरूनच जातात की सगळी."

जातात. बाबांना ती ऐकू येत नाहीत.
मांडणीवरची स्टीलची भांडी थरथरली
की भिंतीला तळवा लावून ते ठरवतात,
लढाऊ की प्रवासी.
सहसा चुकत नाहीत.

तिसराच घेतला.
बाबांनी पाचशे कमी करून घेतले, त्या पिनेवरून.

सोमवारी कोलकाता. डिसेंबर, अजून उजाडायचं होतं.
धावपट्टीच्या टोकाशी कळ दाबली.
इंजिन गेलं. बाळ राहिलं, तौसीफ खरं बोलला होता.
पण गुडघ्यांत, दाढांत, खुर्चीच्या हातात
काहीतरी धडधडत होतं, त्याला कुठलंच बटण नव्हतं.
खिडकीच्या प्लास्टिकवर मी तळवा ठेवला.
खाली आमची पाण्याची टाकी शोधली.
दिवे खूप होते, आमचा कुठला ते कळेना.

उतरल्यावर फोन चालू केला. बाबांचा मेसेज:
सहा बावीसला भांडी हलली. तूच का